चौदावा महिना आणि माझे ६८,८४० रुपये

नोकरीचं आमिष दाखवून औषधांच्या चाचण्यांच्या (क्लिनिकल रिसर्चच्या) एका खोट्या क्लासनं मला फसवलं. आधी आकडा सांगते, म्हणजे कुणी विचारायला नको. नोंदणी १,५००, दोन दिवसांचा सेमिनार ७,५००, सहा महिन्यांचा क्लिनिकल रिसर्चचा कोर्स ३८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,८४०, आणि इंटर्नशिपचं 'परत मिळणारं' डिपॉझिट १५,०००. एकूण ६८,८४०. यातले ५०,००० आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून आणलेत. लिहिताना हात जड होतोय, पण मी गप्प बसले तर पुढच्या सेमिनारला आमच्याच भागातली दुसरी पोरं जाऊन बसतील.

मी अडाणी नाही. बी.फार्म. आहे, फर्स्ट क्लास. तीन वर्षं बेळगावात मेडिकल दुकानात उभी होते, ११,००० पगारावर. आमच्याकडे फार्मसी झाली की दुकान, नाहीतर एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी), नाहीतर पुणे-बेंगळूर. वडिलांना अर्धांगवायू झालाय, घर सोडून मी जाणार कुठं? त्यामुळे 'बेळगावातच ट्रायल को-ऑर्डिनेटर, पगार २५,०००, जीसीपी सर्टिफिकेटसह' असा मेसेज आल्यावर मी विचारपूस केली. ट्रायल म्हणजे माणसांवरची औषधाची चाचणी, आणि जीसीपी म्हणजे ती नीट करायची नियमावली. यात माझं काय चुकलं? हॉल एसी होता, नोंदणीला टेबल होतं, गळ्यात बॅज दिले. खानापूर, निपाणी, चिकोडी, गडहिंग्लजकडची चाळीसेक मुलं-मुली होती. आणि बोलणारा सूटबूटवाला मराठीत बोलत होता. इकडे ऑफिसात, बँकेत कुणी आपल्याशी मराठीत नीट बोललं की माणूस निम्मा तिथंच विरघळतो. त्यानं हेच वापरलं.

आता तो क्षण. १८ ऑगस्ट २०२४, रविवार, जेवणानंतरचं सत्र. पडद्यावर मधुमेहाच्या एका औषधाची ट्रायल दाखवली, 'तुमची इंटर्नशिप हिच्यावर'. खाली नोंदणी क्रमांक होता, सीटीआरआय/२०२४/१४/ आणि पुढं सहा आकडे. सीटीआरआय म्हणजे आयसीएमआरची, सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, ट्रायलची नोंदवही. तिच्याबद्दल मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. १५ जून २००९ पासून प्रत्येक ट्रायल तिथं नोंदवावी लागते. क्रमांकात आधी वर्ष, मग महिना. महिना १४? मी बघितलं, वहीत लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि हात वर करून विचारलंसुद्धा. तो हसला. "टायपिंग मिस्टेक, मॅडम. बघा, अशी नजर पाहिजे रिसर्चला!" सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी खाली बसले ती खूश होऊन. मोबाईल हातात होता. सीटीआरआयच्या साइटवर क्रमांक टाकून बघायला दोन मिनिटं पुरली असती. त्या टाळ्या आठवल्या की अजून जेवण जात नाही. त्याच संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी मी ४४,८४० रुपये यूपीआयनं पाठवले.

जीएसटी घेतात ना, मग बिल मागा. मला पंधरा दिवसांनी पावती आली, पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबराची सुरुवात ०७. महाराष्ट्राचा २७ असतो, आपल्या कर्नाटकाचा २९, ०७ म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या साइटवर नंबर फुकट तपासता येतो, पैसे द्यायच्या आधी तपासा.

कोर्स म्हणून काय आलं? आयसीएच या औषधांच्या नियमांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं १९९६ चं जीसीपी, जे इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळतं. २०१६ च्या दुरुस्तीचा पत्ता नाही. आपल्या देशात २०१९ पासून नवी औषधं आणि ट्रायलचे वेगळे नियम लागू आहेत, तर नोट्समध्ये त्याआधीचे जुने नियम, शेड्यूल वाय. सर्टिफिकेटवर 'आयसीएच मान्यताप्राप्त' छापलेलं. अरे, आयसीएच मार्गदर्शक तत्त्वं ठरवते, असल्या क्लासची सर्टिफिकेटं वाटत बसत नाही.

डिपॉझिट भरून इंटर्नशिपचं पत्र घेऊन हॉस्पिटलात गेले. तिथल्या मॅडमनी पत्र बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अशी ट्रायल आमच्याकडे नाही. तू चौथी आहेस गं." जिना उतरताना पायात त्राण नव्हतं. एक फोन आधी तिथं केला असता तर १५,००० तरी वाचले असते.

पुढं जे झालं त्याचा संताप जास्त आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पण शेवटचे पैसे जाऊन १९ दिवस झाले होते. खात्यात काही उरलं नव्हतं. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. गावाकडच्या ठाण्यात म्हणाले, सेमिनार शहरात झाला, तिकडं जावा. शहरात म्हणाले, कंपनी पुण्याची, महाराष्ट्रात तक्रार द्या. मी मराठीत लिहून नेलेली चार पानं उघडलीसुद्धा नाहीत, "कन्नडात आणा". मला कन्नड बोलता येतं, पण असला अर्ज लिहिता येत नाही. बाहेर २०० रुपये देऊन लिहून घेतला. परत गेले तर साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला हवालदार म्हणाला, "अक्का, हे सिव्हिल मॅटर. क्लास आवडला नाही म्हणून केस होत नाही." क्लास आवडला नाही! खोटी ट्रायल दाखवून पैसे घेतले, हॉस्पिटलचं खोटं पत्र दिलं, ही फसवणूक नाही तर काय आहे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. झीरो एफआयआर म्हणतात त्याला. मी त्यातलं कलम १७३ सांगितलं तर म्हणाला, "वकील आहात काय?" सहा खेपा झाल्या. दुकानातला पगार कापला गेला तो वेगळाच.

ज्यांना खरंच या क्षेत्रात यायचंय त्यांनी जीसीपीसाठी हजारो रुपये देऊ नका. अमेरिकेच्या नायडा या सरकारी संस्थेच्या ट्रायल नेटवर्कचा कोर्स ऑनलाइन मोफत आहे. चेन्नईच्या आयसीएमआरच्या साथरोग संस्थेचा संशोधनाचा कोर्स एनपीटेल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आहे, शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तरच फी. हे मला कळलं पैसे गेल्यावर. आणि नोकरी देणारा डिपॉझिट मागतो तिथून सरळ उठा.

आता मी ग्राहक आयोगाकडे जातेय. तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार देता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, पुण्याला पळायची गरज नाही. त्या रविवारी हॉलमध्ये जे होते त्यांनी पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट, गळ्यातला बॅजसुद्धा टाकू नका. त्या स्लाइडचा फोटो कुणी काढला असेल तर मला तो हवाय. माझ्याकडे वहीतला गोल केलेला आकडा तेवढा आहे.