स्टीलच्या नावाखाली मझाक : एमपी७ एअरसॉफ्ट गन अपग्रेडला दिली आणि २२,४३० रुपये गेले

दोन महिने लिहू का नको करत होतो. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. पण गेल्या आठवड्यात मिरजेच्या एका पोराचा मेसेज आला, मला ज्यानं गन दुरुस्तीच्या नावाखाली फसवलं तोच माणूस त्यालाही भेटलाय, तेच फोटो, तीच गोड भाषा, आणि तो ॲडव्हान्स टाकायच्या बेतात होता. म्हणून आता लाज बाजूला ठेवून सगळं लिहितोय, आकड्यांसकट.

माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग. हे आधी सांगायचं कारण पुढं येईल आणि तेच मला सगळ्यात जास्त टोचतंय.

एमपी७ गॅस ब्लोबॅक, म्हणजे खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी पण गॅसवर प्लास्टिकच्या गोळ्या (बीबी) मारणारी एअरसॉफ्ट गन, मी २०२१ च्या सुरुवातीला सेकंडहँड घेतली, दोन मॅगसकट (मॅग म्हणजे गोळ्या आणि गॅस भरायचं मॅगझिन) ३४,००० ला. आमचा मित्रांचा शॉर्टफिल्मचा ग्रुप आहे, त्यात ती लागायची, कारण ब्लोबॅकला प्रत्येक शॉटला बोल्ट (आतला मागंपुढं सरकणारा भाग) खरंच मागं जातो आणि कॅमेऱ्यात ते दिसतं, इलेक्ट्रिकवालीत ती मजा नाही. बाकी वेळ रविवारी मळ्यात पत्र्याच्या ताटल्या पाडायच्या. कुणाला त्रास नाही, रस्त्यावर कधी काढली नाही. त्याच वर्षी जुलैत पूर आला, आमचं घर सांगलीतल्या आयर्विन पुलापासून लांब नाही, खालच्या खोलीत पाणी शिरलं, त्यात बॉक्स आणि बिल दोन्ही गेलं. गन माळ्यावर होती म्हणून वाचली.

तीन वर्षं चांगली चालली. मग ब्लोबॅकवाल्यांना माहीत असलेली सगळी दुखणी एकेक करून सुरू झाली. एक मॅग तळातून फुसफुसायला लागली, ओ-रिंग वाळलेली. हिवाळ्यात तर विचारू नका, मॅगमधला द्रव गॅस उकळताना मॅगचीच उष्णता ओढून घेतो, त्यामुळं फुल ऑटोला (ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात) आठ-दहा बीबी गेल्या की मॅग बर्फासारखी गार, प्रेशर खाली आणि बोल्ट अर्ध्यातून परत. हे काही बिघाड नाही, या यंत्राचा स्वभावच आहे, त्याला इलाज म्हणजे दोन मॅग आलटूनपालटून वापरणं आणि लहान बर्स्ट मारणं. पण त्यावर नोझलला (बीबीमागं गॅस सोडणारं तोंड) ओठाशी बारीक चीर गेली, आणि हॅमरचं (ट्रिगर दाबला की व्हॉल्व्हला ठोका देणारा पार्ट) नाक झिजून गोल झालं, सीअर (हॅमर अडवून धरणारा खटका) धरेना, सेमीवर, म्हणजे एका दाबाला एक गोळी, ठेवली तरी दोन-दोन सुटायला लागल्या. ते मात्र खरं दुखणं होतं.

इथं हा माणूस आला. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. पुण्याकडचा, स्वतःला टेक्निशियन म्हणवतो. फोनवर बोलला की खरंच वाटतं याला सगळं कळतं. नोझलमधला फ्लोटिंग व्हॉल्व्ह आधी गॅस बीबीकडं सोडतो मग बंद होऊन बोल्टकडं वळवतो, स्प्रिंग बदलली की हा वाटा कसा बदलतो, हे त्यानं मला पाच मिनिटं समजावून सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. भामटा म्हणजे अडाणी असतो असं समजू नका. "दादा, तुमची गन लाईफटाईम करून देतो, सीएनसी स्टीलचा हॅमर, सीअर, व्हॉल्व्ह नॉकर, ॲल्युमिनियम नोझल, ६.०३ मिमीचं प्रिसिजन (अरुंद भोकाचं) बॅरल, नवं हॉपअप रबर (गोळीला फिरकी देणारं), दोन्ही मॅग रीबिल्ड."

११ नोव्हेंबरला ६,२०० ॲडव्हान्स दिला. गन पाठवायची कशी, तर कुरिअरवाले असलं काही घेत नाहीत, म्हणून तोच म्हणाला रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाका, सकाळी मी उतरवून घेतो. सांगलीत आपण सगळेच पुण्याला आंब्याच्या पेटीपासून कॉलेजच्या पोरांच्या डब्यापर्यंत असंच पाठवतो, म्हणून मला काही खटकलं नाही. २५० रुपये ड्रायव्हरच्या हातात. पावती नाही. (पावती घ्या. क्लीनर कुरकुरला तरी कागदावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या. हा एक कागद नसल्यामुळं पुढं माझे किती हाल झाले ते सांगतोच.)

१९ नोव्हेंबरला पार्ट्सचे ९,८५० मागितले आणि सोबत हॅमरचा फोटो टाकला.

हा फोटो. मी लेथवर उभा होतो, एका गिऱ्हाईकाच्या पिना चालल्या होत्या, हाताला कूलंट, अंगठा पुसून फोटो उघडला. काळाभोर, चकचकीत हॅमर, कुणाच्या तरी तळहातावर. मी मोठा करून बघितला. बरोबर मधून, नाकापासून बुडापर्यंत केसाएवढी उठलेली रेघ होती. आणि भोकाच्या खाली एक गोल खूण, बटणाच्या ठशासारखी. मला दोन्ही दिसलं. मी स्वतःला सांगितलं काळ्या रंगाची लकेर असेल, आणि फोन बाकड्यावर ठेवून पैसे पाठवले.

ती रेघ म्हणजे डायची पार्टिंग लाईन, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. ती गोल खूण म्हणजे इजेक्टर पिनचा, साच्यातून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या पिनचा ठसा. बिलेटमधून (सलग ठोकळ्यातून) मशीन केलेल्या स्टीलच्या पार्टवर या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, तिथं कटरच्या खुणा असतात. या खुणा असतात साच्यात ओतलेल्या झिंक डायकास्टवर, ज्याला आपण बाजारात मझाक म्हणतो. मी अठरा वर्षं हेच काम करतोय. माझ्याकडं नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या आठवड्यात मी त्याला कास्टिंग आणि मशीन केलेला जॉब नजरेनं ओळखायला शिकवतो. आणि माझ्या स्वतःच्या पैशाच्या वेळी मला ते दिसून दिसलं नाही. रात्री झोपताना अजून तो फोटो डोळ्यासमोर येतो. ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांना कुणी फसवलं तर मी समजू शकतो, पण मला? का, तर मला ते काम व्हायलाच पाहिजे होतं, जानेवारीत शूट होतं, आणि फोनवर तो माणूस इतका बरोबर बोलला होता की नजर कुठं ठेवायची ते माझं डोकंच विसरलं.

६ डिसेंबरला म्हणे पार्ट्स हाँगकाँगवरून येताना कस्टममध्ये अडकलेत, ४,७५० भरावे लागतील. आता तुम्ही म्हणाल इथं तरी कळायला पाहिजे होतं. मान्य. पण माझ्या मित्राचे आरसी गाडीचे पार्ट असेच महिनाभर अडकले होते, त्यामुळं मला ते पटलं. आणि एक साधी गोष्ट डोक्यात आली नाही, की १९ तारखेला जो हॅमर कुणाच्या तरी हातावर होता तो ६ डिसेंबरला विमानतळावर कसा अडकेल? कस्टमची ड्युटी कुणाच्या खाजगी यूपीआयवर भरायची नसते, कधीच नसते, हे लिहून ठेवा.

१६ जानेवारीला टेस्टिंगचा गॅस आणि परतीचं भाडं म्हणून १,३८०, आणि सोबत टेस्टिंगचा व्हिडिओ. पाच शॉट, सगळे सेमी. मॅग भरताना दाखवली नाही, शेवटच्या बीबीनंतर बोल्ट मागं अडकतो का ते दाखवलं नाही, फुल ऑटो तर नाहीच. व्हिडिओ मागायचा तर भरलेली मॅग, न कापता, फुल ऑटोवर रिकामी होईपर्यंत आणि बोल्ट लॉक झालेला दिसेपर्यंत मागा, आणि मॅगवर तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवायला सांगा. त्यातून निसटायला जागा नाही.

१८ जानेवारीला सकाळी गन आली. पहिली मॅग भरली, सहाव्या शॉटला बोल्ट मधेच अडकला. उघडली. हॅमरला चुंबक लावलं, चिकटेना. वजनावर जाऊ नका, झिंक मिश्रधातू आणि स्टील हातात घेऊन फरक कळत नाही, चुंबक मात्र खोटं बोलत नाही. तरी खात्रीसाठी बुडाचा कोपरा ग्राइंडरला टेकवला. एकही ठिणगी नाही. राखाडी पीठ पडलं नुसतं. माझ्याकडचं पोरगं शेजारी उभं होतं, ते काही बोललं नाही, आणि ते न बोलणं मला जास्त लागलं.

६.०३ च्या बॅरलमध्ये ६.०८ ची पिन गेज (भोक मोजायची अचूक मापाची पिन) सरळ आत गेली, म्हणजे साधंच बॅरल. नोझल माझंच, चिरेवर काहीतरी ग्लू लावलेला. आणि मॅग तर माझ्या नव्हत्याच. माझ्या एका मॅगच्या बुडाला मी बायकोच्या नेलपेंटचा लाल ठिपका दिला होता, गळकी कुठली ते ओळखायला. आलेल्या दोन्हीवर ठिपका नाही आणि दोन्ही गळतात. त्याला फोन केला तर म्हणे थिनरनं साफ केलं दादा, रंग गेला असेल. तासाभरानं नंबर ब्लॉक. म्हणजे माझी चांगली मॅग दुसऱ्या कुणाच्या तरी "रीबिल्ड"मध्ये गेली आणि त्याची गळकी माझ्याकडं आली, हा त्याचा धंदा आहे. पूर्ण गन कधीही पाठवू नका. जो पार्ट बदलायचा तो मागवा, स्वतः बसवा, आणि काही पाठवायची वेळ आलीच तर प्रत्येक पार्टचा सगळ्या बाजूंनी फोटो आणि आत कुठंतरी दिसणार नाही अशी खूण.

एकूण : ६,२०० + ९,८५० + ४,७५० + १,३८० आणि ट्रॅव्हल्सचे २५०. बावीस हजार चारशे तीस. मॅग वेगळ्या.

आता तक्रार. त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन लावला. तक्रारीचा नंबर मिळाला, पण पहिला हप्ता जाऊन दोन महिने झालेले, पैसे पुढं निघून गेलेले. पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासाभरात फोन केला तर खातं गोठवायची शक्यता असते, नंतर फक्त तक्रार क्रमांक उरतो. बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकला ना? मग फ्रॉड कसला?" एवढ्यावर मॅनेजरनं पुढच्या माणसाला बोलावलं.

ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "काय ओ, बंदूक? लायसन दाखवा." मी सांगितलं साहेब, ०.२० ग्रॅमची प्लास्टिकची गोळी सेकंदाला १०० मीटरनं, म्हणजे एक जूल, आणि एअरगनला २० जूलपर्यंत लायसन्स लागत नाही. ते म्हणाले बोअर (नळीचा व्यास) किती? मी म्हणालो सहा मिमी. "मग? सूट .१७७ पर्यंत, म्हणजे साडेचार मिमी." झालं. मी फिर्यादी म्हणून गेलो होतो आणि दहा मिनिटांत आरोपीसारखा उभा. बिल आणा म्हणाले, बिल पुरात गेलं म्हणालो, तर "सगळ्यांचंच पुरात जातं." दुसऱ्या वेळी गन घेऊन या म्हणाले, पिशवीत गुंडाळून नेली, टेबलावर ठेवली, तर तक्रार राहिली बाजूला आणि जो येईल तो हातात घेऊन बोल्ट खेचून बघतोय, एकानं तर फोटो काढला. माझे २२,४३० रुपये कुणाच्या डोक्यातच नाहीत. तिसऱ्या वेळी साहेब बंदोबस्तावर. चौथ्या वेळी सांगितलं हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. मग म्हणाले सायबरला जा, सायबरवाले म्हणाले माल हातोहात दिलाय, ठाण्यात जा. मग पुण्यात जाऊन द्या. मी म्हणालो गुन्हा कुठंही घडलेला असला तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात घेता येते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि दुसऱ्याचा माल बदलून देणं, खोटं सांगून चार वेळा पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं ३१८ (४) कशाला आहे? त्यावर उत्तर, "जास्त शिकलाय का?" ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पावती विचारली, ते म्हणाले असं पार्सल आम्ही घेतच नाही. ग्राहकांच्या १९१५ हेल्पलाईनवर फोन केला, तिथं विचारलं दुकानाचं नाव आणि बिल. दुकानच नाही हो!

सहा खेपा झाल्या, सहा दिवस वर्कशॉप पोरावर टाकून. शेवटी ओळखीच्या वकिलांनी अर्ज लिहून दिला, त्यात "बंदूक" शब्दाच्या ऐवजी गनचं पूर्ण वर्णन, ऊर्जा, गोळीचं वजन, आणि चारही व्यवहारांचे युटीआर (बँकेचे व्यवहार क्रमांक) नंबर टाकले, तेव्हा कुठं पोचेचा शिक्का मिळाला. तुम्ही जाणार असाल तर आधी वकिलाला विचारा, सहा मिमीचा प्रश्न तुम्हालाही येणार आहे. आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. असली वस्तू बाळगणारा माणूस ठाण्याची पायरी चढायला घाबरतो, या एका गोष्टीवर त्याचं दुकान चालतंय. माझ्याआधी किती जण गप्प बसलेत देव जाणे, मला आत्तापर्यंत तिघे सापडलेत, एक कराडचा, एक इचलकरंजीचा आणि हे मिरजेचं पोरगं. कराडवाल्याचे ११,००० गेलेत, तो तक्रार करायला तयार नाही.

तपासी अंमलदारांची बदली झालीय, नवीन साहेबांनी सोमवारी बोलावलंय. मी जाणार. ज्यांना ज्यांना त्यानं हॅमरचा फोटो पाठवलाय त्यांनी तो मोठा करून बघा, भोकाच्या खाली डाव्या अंगाला गोल ठसा असेल. असला तर पैसे पाठवू नका आणि मला कळवा, एकाच अर्जावर चौघांच्या सह्या असल्या तर साहेबांना परत पाठवणं जड जाईल.