सुट्या टॅटूंची स्लीव्ह: सलग बॅकग्राउंड की छोटे फिलर?

दंडावर गुलाब, कोपराखाली पक्षी, मनगटाशी एक तारीख, आतल्या बाजूला कधीतरी हौसेने काढलेलं होकायंत्र. वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या आर्टिस्टकडून घेतलेले टॅटू हातावर असे साठत गेले की स्लीव्हचा, म्हणजे अख्खा हात टॅटूंनी भरण्याचा, विषय निघतोच. मग मुख्यतः दोन पर्याय उरतात. एक, मागे सलग बॅकग्राउंड टाकून सगळे टॅटू एकत्र बांधायचे. दोन, मधल्या जागा छोट्या फिलरने, म्हणजे लहान सुट्या चित्रांनी, भरायच्या आणि हात पॅचवर्कसारखाच ठेवायचा. डॉटवर्क (ठिपक्यांची नक्षी) आणि ब्लॅकआउट (हात भरीव काळा करणं) हेही आहेत, त्यांच्याकडे नंतर येऊ.

निवड करण्यापूर्वी हाताचे चारही बाजूंनी फोटो काढा, ते ब्लॅक अँड व्हाइट करा आणि डोळे बारीक करून बघा. रंग गेले की कुठला टॅटू खरंच गडद आहे, कुठला नुसता राखाडी डाग झालाय आणि रिकाम्या जागा किती रुंद आहेत ते लगेच दिसतं. लोक ‘थीम’ जुळत नाही म्हणून अडून बसतात, पण गुलाबाशेजारी होकायंत्र आल्याने स्लीव्ह बिघडत नाही. बिघडते ती गडद-फिक्याचा आणि रेषेच्या जाडीचा मेळ न बसल्याने. माझ्या मते पर्याय निवडायचा तो या दोन गोष्टींवरून.

सलग बॅकग्राउंड

याचं सगळ्यात पक्कं व्याकरण जपानी परंपरेत आहे. मुख्य आकृतीमागचे ढग, लाटा, वाऱ्याचे पट्टे यांना तिथे गाकुबोरी म्हणतात. होनोलुलूचे गोंदणकार नॉर्मन कॉलिन्स ऊर्फ सेलर जेरी (1911–1973) यांचा जपानी गोंदणकारांशी पत्रव्यवहार होता आणि सुट्या चित्रांच्या अमेरिकन शैलीत सलग बॅकग्राउंडचा विचार रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

युक्ती साधी आहे. मागचा पट्टा सलग गडद झाला की नजर त्याला एकच पृष्ठभाग समजते आणि जुने टॅटू त्यावर उठून आलेल्या फिक्या आकृत्या वाटतात. त्यामुळे आकृत्यांच्या शैली वेगळ्या असल्या तरी खपून जातं. अट एवढीच, की जुने टॅटू बॅकग्राउंडपेक्षा फिके हवेत किंवा त्यांची बाह्यरेषा ठणठणीत हवी. जुने टॅटूच काळेकुट्ट असतील तर गणित उलटं होतं: बॅकग्राउंड हलकं राखाडी ठेवावं लागतं किंवा कडेने कातडीची पट्टी मोकळी सोडावी लागते. नाजूक फाइन लाइन कामाशेजारी भरगच्च काळं आलं तर बारकावे बुडून जातात.

इथे एक खर्च बरेच जण धरत नाहीत. शाई त्वचेच्या आतल्या थरात, तिथल्या पेशींनी धरून ठेवलेली असते. वर्षं जातात तशा रेषा पसरतात, काळा रंग फिका पडतो. त्याच्या शेजारी ताजा काळा आला की काल बरा दिसणारा टॅटू आज एकदम हिरवट-राखाडी वाटायला लागतो. म्हणून बॅकग्राउंडच्या आराखड्यात जुन्यांचा टच-अप, म्हणजे त्यांवर पुन्हा शाई भरणं, पहिल्यापासून धरा. ‘जुन्याला हात न लावता मागे भरून देतो’ असं कुणी म्हणालं तर मी दोनदा विचार करेन.

चांगला आर्टिस्ट हे काम कागदावर संपवत नाही. तो तुम्हाला उभं करतो, हात सैल सोडायला सांगतो आणि मार्करने थेट कातडीवर ढगाची कड ओढतो. मग तळवा पुढे, मागे, मूठ, कोपर वाकवा. मनगट फिरलं की त्याबरोबर पुढच्या हाताची (कोपर ते मनगट) कातडीही फिरते. टेबलावर सरळ दिसलेली लाट हात लटकवल्यावर तिरकी जाते. मग पुसायचं, पुन्हा ओढायचं. पहिल्या बैठकीचा बराच वेळ यात जाऊ शकतो आणि तो वाया गेला असं समजू नका.

आकार नसलेल्या ‘धुरा’पासून मात्र सांभाळून. कडा नसलेली राखाडी शेडिंग ताजी असताना देखणी दिसते, पण ती मुरली की हात मळल्यासारखा वाटतो. ढगाला ढगाची कड हवीच.

छोटे फिलर आणि पॅचवर्क

चांदण्या, ठिपके, पानं, छोटा खंजीर, किल्ली: अमेरिकन ट्रॅडिशनल (जाड रेषांच्या, सुट्या चित्रांच्या) पद्धतीचे हात असेच भरत गेलेले असतात. तुमच्या टॅटूंच्या रेषा साधारण एकाच जाडीच्या असतील, भरीव काळा सगळीकडे सारखा असेल आणि मधली अंतरं जवळपास सारखी असतील, तर बॅकग्राउंडची गरजच नाही. अशा हातावर ते टाकणं म्हणजे चांगल्या चित्रांवर उगाच भिंत चढवणं.

सोय भरपूर आहे. बैठका छोट्या, सावकाश करता येतं, मधे थांबलात तरी हात अर्धवट दिसत नाही. बॅकग्राउंडला तीन ते पाच तासांच्या बऱ्याच बैठका लागतात आणि वरची त्वचा भरून यायला दोन ते चार आठवडे जातात, म्हणजे काही महिने अर्धवट हात घेऊन फिरायची तयारी हवी. फिलरचा त्रास वेगळा: मोकळ्या उरलेल्या जागा बहुधा काखेजवळच्या, कोपराच्या खोबणीतल्या आणि कोपराच्या टोकावरच्या असतात, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथल्या. कोपराच्या टोकावर शाईही नीट टिकत नाही, तिथे टच-अप गृहीत धरा.

पण मला वाटतं खरा धोका क्रमाचा आहे. आधी चांदण्यांनी जागा भरायच्या आणि समाधान झालं नाही तर मग बॅकग्राउंड, हा बेत फसतो. ढगाला आकार घ्यायला जी मोकळी जागा लागते ती चांदण्यांनी आधीच खाल्लेली असते. मन डळमळीत असेल तर छोटं काहीच घेऊ नका. सगळ्यात रुंद जागेत एक मोठा टॅटू घ्या. तो दोन्हीकडे चालतो.

उरलेले दोन

डॉटवर्क किंवा भौमितिक नक्षी हातावरचं सगळं काम काळं असेल तेव्हा सुरेख बसते. ठिपके हळूहळू विरळ करत नेले की सांधा दिसत नाही. रंगीत रिअ‍ॅलिझमशेजारी (फोटोसारख्या हुबेहूब चित्रांशेजारी) ती परकी वाटते. शिवाय सरळ रेषा आणि वर्तुळं हात वळताच वाकडी दिसतात, जे ढगाच्या बाबतीत कुणाच्या लक्षातही येत नाही.

ब्लॅकआउट मी शेवटचा ठेवेन. त्यावर नंतर पांढरं काम करता येतं, पण अनेक फेऱ्या लागतात आणि पांढरा तितका पांढरा राहत नाही. भरीव काळ्याखाली तिळांमधले बदल तपासणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

पुष्कळदा अडचण सगळ्या हाताची नसून एकाच नकोशा टॅटूची असते. तसं असेल तर त्याचा निकाल आधी लावा. कव्हर-अपसाठी, म्हणजे त्यावर नवा टॅटू काढून तो झाकण्यासाठी, तो पूर्ण घालवावा लागत नाही, लेसरने फिका केला तरी पुरतो. लेसरच्या दोन बैठकांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जातात. काळी शाई सगळ्यात चांगला प्रतिसाद देते. पांढरी मात्र लेसरने उलट काळवंडू शकते.

बॅकग्राउंड घ्यायचं ठरलंच तर जोडकाम एकाच आर्टिस्टकडे द्या आणि त्यांच्याकडे दुसऱ्यांचे टॅटू जोडलेल्या हातांचे, आधीचे आणि मुरल्यानंतरचे फोटो मागा. काही जण दुसऱ्याच्या कामावर सुई ठेवत नाहीत, ते पहिल्याच भेटीत विचारलेलं बरं. आणि कड कुठे संपणार ते शाई लागण्याआधी पक्कं करा. जपानी पद्धतीत कोपराच्या वर, पुढच्या हाताच्या मध्यावर किंवा मनगटाशी अशा ठरलेल्या जागा आहेत. पॅचवर्कला हा प्रश्नच येत नाही, बॅकग्राउंडची कड मात्र लांबूनही दिसते. नेहमीच्या बाह्यांचा शर्ट घालून जा, बाही दुमडा आणि मार्करची रेघ तिथेच ओढून घ्या.