कर्सिव्ह सीनियर केजीतच की तिसरीत? आमच्या घरातली दोन पोरं

आमच्या घरात दोन्ही प्रकार झालेत म्हणून लिहितेय. थोरला सांगलीत, इंग्लिश मीडियमला, त्याला सीनियर केजीतच चार रेघांच्या वहीत कर्सिव्ह. जाऊबाईंचा लेक साताऱ्यात सेमीला, त्याला तिसरीपर्यंत सुटी अक्षरं, जोडून नंतर. दोघं एका वयाचे, त्यामुळे दिवाळीत सासूबाईंकडं जमलो की दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या जातातच, नको म्हटलं तरी.

लवकर शिकवणं चूकच असं नाही हं. माँटेसरीत कर्सिव्हपासून सुरुवात करायची पद्धत आहे, फ्रान्समध्ये सहाव्या वर्षी पहिलीतच जोडून लिहायला शिकवतात. आणि बी-डीचा घोळ कमी होतो हे मी स्वतः बघितलंय, कारण कर्सिव्हमध्ये डी सीसारखा वळून सुरू होतो आणि बी सरळ वर चढून फास घेतो, हाताला दोन वेगळे रस्ते मिळतात.

पण थोरला पेन्सिल मुठीत धरायचा. रोज २ पानं होमवर्क, रेघेबाहेर गेलं की पान परत, इतकं दाबून लिहायचा की मागच्या पानावर उमटायचं आणि टोक तर दिवसातून चारदा मोडायचं. त्यात बी, ओ, व्ही, डब्ल्यू ही अक्षरं पुढच्या अक्षराला वरून हात देतात, बाकीची खालून, हे साडेपाच वर्षांच्या पोराला कसं कळणार, त्याच्या ओचं शेपूट खाली गेलं की ए दिसायचा आणि बॉयचं बे व्हायचं. तीन महिने आमच्याकडं बेच होता.

साताऱ्याच्या पोराला दिवाळी ते संक्रांत एवढ्यात जमलं, रोज १० मिनिटं. फक्त त्याचं ए गोल वेगळा आणि काठी वेगळी असं होतं, ते मोडताना रडारड झाली, शिवाय स्पीड कमी पडून दोन पेपर अर्धे राहिले. आणि शाळेत त्याला तास नाही, जाऊबाईंनीच बसून घेतलं, तेवढा वेळ तुमच्याकडं आहे का ते बघा.

आपल्या पोरांचं अजून एक असतं, त्याच वर्षी बाराखडी चालू असते. देवनागरीत अक्षर काढा, हात उचला, वर रेघ मारा, आणि कर्सिव्हमध्ये हात उचलायचाच नाही. (आजेसासऱ्यांच्या जमिनीचे कागद मोडीत आहेत, तिथं रेघ आधी आणि मग न उचलता लिहीत जायचं, म्हणजे जोडून लिहिणं आपल्याला नवं नाही, पण ते दोन्ही एकदम कुणी केजीत शिकवत नव्हतं.)

म्हणून मी वय बघत नाही आता. पेन्सिल तीन बोटांत धरतं का, त्रिकोण बघून काढता येतो का, आणि मुख्य म्हणजे सुटी अक्षरं पाटीकडं न बघता बरोबर जागेवरून सुरू करतं का. हे होत नसेल तर पोराला तासगावचे बेदाणे द्या देठ काढायला, वहीपेक्षा बोटांना तेच बरं, निम्मे पोटात जातात ते वेगळं.

धाकटी पहिलीत आहे, शाळेतून कर्सिव्हची वही आलीय. काल तिनं डॉगचं बॉग लिहिलं, पण पेन्सिल छान धरते. बाईंना विचारून सध्या नुसत्या लाटा आणि वेटोळी काढून घेतेय, वही दिवाळीनंतर उघडेन.