ग्लासगोची 'वेव्हर्ली' बोट : एका बॉयलरवाल्याचा अभिप्राय

तिकिटाचे पैसे इंजिन बघण्यातच वसूल होतात, हे आधी सांगतो. बाकी डोंगर, बेटं, समुद्र हे सगळं वर फुकट.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यातून बॉयलर अटेंडंट म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी वाफेपुढं गेली. लेक ग्लासगोला असते. तिच्याकडं गेलो तेव्हा तिनं विचारलं, "अण्णा, किल्ला बघूया की बोट?" बोट वाफेवर चालते म्हटल्यावर प्रश्नच नव्हता.

'वेव्हर्ली' ही समुद्रात प्रवासी घेऊन जाणारी जगातली शेवटची चाकाची वाफबोट. दोन्ही बाजूंना दोन मोठी चाकं आणि तांबडी, पांढरी, काळी अशी रंगवलेली दोन धुराडी. १९४६ साली ग्लासगोतच ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीत पाण्यात उतरली आणि १९४७ च्या जूनमध्ये कामाला लागली. मालक होती रेल्वे कंपनी. गाडीनं आलेली माणसं बोटीत बसवून खाडीतल्या गावांना पोचवायची, असं तिचं रोजचं काम. याच नावाची आधीची बोट १९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या डंकर्कहून सैनिक आणताना बुडाली, तिच्या जागी ही आली.

आता इंजिन. बोटीच्या मध्यावर खाली उतरलं की दोन्ही बाजूंनी बोळ आहे आणि मधे इंजिन उघडं. कठड्याला टेकून उभं राहायचं, हातभर अंतरावर क्रँक (चाकाचा शाफ्ट फिरवणारे वाकडे दांडे) फिरताना बघायचे. ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोर कंपनीनं आपल्या ईगल फौंड्रीत केलेलं हे २१०० अश्वशक्तीचं इंजिन तिरकं बसवलंय. सिलिंडर तीन : २४ इंची, ३९ इंची आणि ६२ इंची. स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची धाव, ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट! पहिल्या सिलिंडरातून बाहेर पडलेली वाफ दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. दाब उतरत जातो, वाफ फुगत जाते, म्हणून पुढचा सिलिंडर मोठा. शेवटी कंडेन्सरमध्ये पाणी होऊन ती परत बॉयलरकडं. आमच्याकडं टर्बाइनचा एक्झॉस्ट वाया न घालवता रस आटवायला वापरतात, आणि एका बॉडीतली (रस आटवायच्या भांड्यातली) वाफ पुढच्या बॉडीला देतात. तीच काटकसर इथं लोखंडात डोळ्यांपुढं हलताना दिसते. आम्ही हे आकृतीवरून शिकलो होतो. शिकाऊ पोरांना असं उघडं इंजिन मिळालं, तर तासाभरात समजेल.

आवाजाचं मला फार नवल वाटलं. डिझेलचा धडधडाट नाही. एक दमदार हुंकार आणि गरम तेलाचा वास, बस्स. मी डोळे मिटून उभा राहिलो तर आमच्या हिनं हलवून विचारलं, "चक्कर येतीय काय?"

वर बोट हाकायच्या जागेवरून (तिला 'ब्रिज' म्हणतात) कप्तान टेलिग्राफ, म्हणजे इंजिनाला हुकूम पोचवायचं यंत्र, फिरवतो, खाली घंटा वाजते, तबकडीवरचा काटा सरकतो आणि इंजिनिअर हातानं दांडा ओढतो. सगळं माणसाच्या हातात. धक्का जवळ आला की पुढं, थांब, मागं, परत थांब, अशी घाई चालते. यात एक अवघड गोष्ट आहे. दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर पक्की आहेत. एक चाक पुढं आणि एक मागं असं करून बोट जागेवर वळवता येत नाही. त्यामुळं वारा सुटलेला असताना एवढी २३९ फूट लांब बोट धक्क्याला अलगद लावणं हे कप्तान आणि इंजिनिअर दोघांचं कसब. मी दर धक्क्याला खाली पळत होतो. एक तरुण इंजिनिअर मधेच बेअरिंगच्या टोपीला हाताची मागची बाजू लावून बघत होता. आम्हीही पंपाला असाच हात लावत आलो. त्याला खुणेनं विचारलं, गरम? त्यानं हसून मान हलवली.

बोळातल्या गोल खिडकीतून चाकही दिसतं. प्रत्येक चाकाला आठ लाकडी फळ्या. पाण्यात शिरताना आणि निघताना फळी उभी राहावी म्हणून तिला एक्सेंट्रिकनं (मध्य बाजूला सरकवलेल्या चकतीनं) फिरवतात, नाहीतर बरीच ताकद पाणी आपटण्यात जाईल.

ही बोट टिकली कशी, तेही सांगण्यासारखं आहे. १९७३ नंतर तेव्हाच्या मालक बोट कंपनीनं ती थांबवली आणि १९७४ साली चाकाच्या बोटी जपणाऱ्या हौशी संस्थेला एका पौंडात दिली. पुढच्याच वर्षी ती परत प्रवासी घेऊन निघाली. मूळचा कोळसा १९५७ सालीच जाऊन तेल आलं होतं. २०१९ साली बॉयलर थकले म्हणून हंगाम बुडाला. तेवीस लाख पौंडांचं आवाहन केलं, लोकांनी दिले, आणि २०२० साली नव्या बॉयलरवर बोट चालू झाली. बॉयलर बदलायचा खर्च ऐकून भल्याभल्यांनी यंत्रं भंगारात घातलेली मी बघितली आहेत. म्हणून या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

वाटेत क्लाइड नदीवरच्या जुन्या गोद्या, डंबार्टनचा कातळ, मग डुनून, रॉथसे. पूर्वी जुलैत कारखान्यांना सुट्टी पडली की ग्लासगोचे कामगार बायकापोरांसह अशाच बोटींनी या गावांना जायचे. आजही डेकवर तीच गर्दी : आजी-आजोबा, नातवंडं, डबे. आम्हीही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चहा आणि गरम जेवण बोटीवर मिळतं.

परत आल्यावर रंकाळ्यावर मित्रांना व्हिडिओ दाखवला. मिल हाऊसवाल्यानं पहिलं विचारलं, "वंगण कसं देतात?" शिरोलीचा फौंड्रीवाला ओतकामच बघत बसला.

जाणाऱ्यांसाठी थोडं. यांचा हंगाम आपल्या उलटा : आपलं गाळप थंडीत आणि दुरुस्ती उन्हाळ्यात, यांची फेरी उन्हाळ्यात आणि दुरुस्ती थंडीत. क्लाइडवर जून-अखेर ते ऑगस्ट बरं, पुढं ती दक्षिण इंग्लंडकडं जाते. वाऱ्यापावसानं फेरी रद्द होऊ शकते, तेव्हा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. ऑगस्टातही स्वेटर लागतो. जिने उभे आहेत आणि ओहोटीला बोटीत चढायच्या फळीचा उतारही वाढतो, गुडघे दुखत असतील तर सोबत कुणीतरी हवं.

माझ्याकडून पाचपैकी पाच. इंजिनाजवळची चांगली जागा हवी असेल, तर बोट सुटायच्या आधीच खाली जाऊन कठडा धरा. निघताना आणि धक्क्याला लागतानाच खरं काम दिसतं, आणि तेव्हाच सगळे वर फोटो काढत असतात.