कपाटाचं कुलूप: दाखवलं एक, बसवलं दुसरंच

कपाटाला कुलूप बसवायला आलेल्या माणसाने खिशातून लोहचुंबक काढलं, तर तिथेच सावध व्हा. आमच्याकडचा सगळा खेळ त्या चुंबकापासून सुरू झाला.

काम तसं किरकोळ होतं. पार्टिकल बोर्डाचं दोन दारांचं कपाट, आत घराची कागदपत्रं आणि रोजची औषधं. एका परिचितांनी त्यांच्याकडे काम केलेला माणूस पाठवला. बोलायला गोड, हाताला चपळ. त्याने खोक्यातून एक सोनेरी, चांगलं जड कुलूप काढून माझ्या हातात दिलं. "पिनांचं सिलिंडर आहे, अस्सल पितळ," म्हणाला आणि चुंबक टेकवून दाखवलं. चिकटलं नाही. "लोखंड असतं तर चिकटलं असतं की नाही?"

असतं, हे खरं. पण चुंबक जसं पितळेला चिकटत नाही, तसं जस्तालाही चिकटत नाही. स्वस्तातली कुलपं जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली असतात आणि वरून त्यांना पितळी मुलामा असतो. तेव्हा या जादूच्या प्रयोगातून एवढंच कळतं की वस्तू लोखंडाची नाही. पितळ आणि जस्त यांतला फरक वजनावरून कळतो. एका घनसेंटिमीटरला पितळ साधारण 8.5 ग्रॅम भरतं, तर कुलपांत वापरतात ते जस्ताचं मिश्रण 6.6 च्या आसपास. दुसरी खूण म्हणजे मागच्या, न दिसणाऱ्या भागावर कानस एकदा घासून बघायची. आतून पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर मुलामा. मला हातात दिलेलं कुलूप बहुधा खरंच पितळेचं होतं. ते दाखवण्यापुरतं. दारात गेलं ते निराळं.

कारण पुढे त्याने सांगितलं, "भुसा फार उडतो, डोळ्यांत जाईल, तुम्ही बाहेर बसा." थोड्या वेळाने हाक आली. दार बंद, कुलूप चकाचक, किल्ली माझ्या तळहातावर. फिरवून पाहिली, मऊ लोण्यासारखी फिरली. बिलात कुलूप, दोन टॉवर बोल्ट आणि मजुरी असं व्यवस्थित लिहिलेलं होतं. पैसे दिले.

बिंग फुटलं ते त्याच परिचितांमुळे. ते गावाला जाताना घराच्या किल्ल्यांचा जुडगा आमच्याकडे ठेवून गेले. त्यात त्यांच्या कपाटाची किल्ली होती, आमच्या किल्लीसारखीच दिसणारी. किल्लीच्या गोल भागावर बारीक आकडे कोरलेले असतात, ते सहज शेजारी धरून वाचले. नंबर एकच. त्यांची किल्ली आमच्या कपाटाला लावली, तर तितक्याच मऊपणे फिरली.

एकाच नंबरची कुलपं हा प्रकार मुळात खोटा नाही. ऑफिसात एका टेबलाचे सगळे खण एकाच किल्लीने उघडावेत म्हणून अशी कुलपं मुद्दाम बनवतात. तीच कोणी ठोक घेऊन घरोघरी बसवायला लागला, तर खिशातल्या एका किल्लीवर त्याला सगळी घरं मोकळी. त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच कपाटांच्या कुलपांवर तोच नंबर बाहेरच्या तोंडावरही छापलेला असतो. नंबर माहीत असला की मूळ किल्ली न पाहताही नवी बनवता येते. आमच्या कुलपावर तो होता, कोणीही उभ्या उभ्या वाचावा असा.

त्याला फोन केला. आवाजात जराही संकोच नाही. "अहो, सोयच आहे ना! किल्ली हरवली तर मला सांगा, एक माझ्याकडे असतेच." हे तो आश्वासन म्हणून सांगत होता.

मग दुसऱ्या सुताराला बोलावलं. हा वयस्कर, कमी बोलणारा. त्याने कुलूप बाहेर काढून किल्लीच्या भोकात टॉर्च मारला आणि मला बघायला लावलं. पिनांच्या सिलिंडरमध्ये समोरच पिनेचं गोलसर टोक दिसतं. इथे चपट्या पत्र्यांच्या कडा दिसत होत्या. म्हणजे वेफर लॉक, पिनांऐवजी पत्र्यांवर चालणारं स्वस्तातलं कुलूप. खणाला ठीक असतं, पण पिनांच्या कुलपाच्या भावात ते विकणं म्हणजे सरळ लूट. मागच्या बाजूला कानस मारली, राखाडी.

खरा वैताग दाराच्या आतल्या बाजूला होता. दाराची फळी 18 मिलिमीटर जाड आणि कुलपाचा दंडगोल त्याहून आखूड. नट पकडेना, म्हणून पहिल्या महाशयांनी आतून फळीच पटाशीने खरवडून पातळ केली होती! पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबलेला भुसा. वरचा थर गेला की आतलं बोटानेही निघतं. नटाखालून भुगा गळत होता. शिवाय भोक पूर्ण गोल. या कुलपांच्या दंडगोलाला दोन बाजूंनी सपाट कडा असतात, त्या अडाव्यात म्हणून भोकही तसंच हवं. 19 मिलिमीटरच्या कुलपाला नेहमीची रीत म्हणजे आधी 16 चं भोक पाडून दोन बाजू कानसने वाढवायच्या. तेवढी मेहनत कोण घेतो? गोल भोकात किल्लीबरोबर अख्खं कुलूपच फिरायला लागतं आणि नट सैल होत जातो.

आणि टॉवर बोल्ट? बिलात दोन, कपाटात एकही नाही. दोन दारांच्या कपाटात हीच मुख्य गोष्ट. उजव्या दाराच्या कुलपाची जीभ डाव्या दारामागे अडकते, आणि डावं दार आतून वर-खाली बोल्टने धरलेलं नसेल तर दोन्ही दारं एकदम ओढली की कुलपासकट उघडतात. किल्ली लागतच नाही.

बोल्टचे पैसे त्याने बिल दाखवल्यावर परत केले, तेही "विसरलो असेन" म्हणत. कुलपाचे नाही. त्याच्याकडची किल्ली मागितल्यावर "कसली किल्ली?" असं विचारलं. परिचितांना सगळं दाखवलं, तरी त्यांचं म्हणणं, "माणूस वाईट नाही हो." त्यांचं कपाट अजून त्याच कुलपावर आहे.

आमच्याकडे दुसऱ्या सुताराने भोकावर आतून पोलादी पट्टी बसवली, तिला योग्य आकाराचं भोक पाडलं आणि लांब दंडगोलाचं कुलूप लावलं. पाकीट मी स्वतः फोडलं, आतल्या किल्ल्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे आहेत का ते मोजलं. एखादी कमी भरली तर ती कुठे गेली हे तिथल्या तिथे विचारायचं.

पैसे देण्याआधी एवढं बघाच. दार उघडं ठेवून किल्ली फिरवा आणि कुलपाच्या तोंडाची बाहेरची कडाही तिच्याबरोबर हलतेय का ते पाहा. आतल्या बाजूने बोट फिरवून फळी खरवडलेली नाही ना ते बघा. मग दार लावून कुलूप घाला आणि दोन्ही हँडल एकदम धरून जोर लावून ओढा. हे सगळं त्याची पेटी उघडी असेपर्यंत करायचं. हत्यारं एकदा आवरली की पुढचं उत्तर "उद्या येऊन करून देतो" हेच असतं.