तात्पुरती आठवण आणि पक्की आठवण

दोन्ही आठवणी घडतात चेतापेशींच्या जोडांवरच. तात्पुरत्या आठवणीत तिथे आधीपासून असलेली प्रथिनं थोडी बदलतात, रासायनिक संदेश जास्त सुटतो आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं.

पक्की आठवण मला कितीतरी विलक्षण वाटते. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडल यांनी अप्लिझिया या समुद्री गोगलगायीवर प्रयोग केले. (२००० सालच्या नोबेलचे ते एक मानकरी.) त्यांत असं दिसलं: एकच अनुभव अंतराअंतरानं पुन्हा पुन्हा मिळाला, की संदेश पेशीकेंद्रकापर्यंत पोचतो, जनुकं कार्यरत होतात, नवी प्रथिनं बनतात आणि चक्क नवे जोड फुटतात. म्हणजे शिकण्यानं चेतासंस्थेची रचनाच बदलते! प्रथिननिर्मिती औषधानं रोखली, तर तात्पुरती आठवण तरीही तयार होते. पक्की मात्र होत नाही.