माझाच गोटा टायर दुकानात नवा होऊन उभा होता

आंबा घाट उतरताना माझ्या पिकअपचा मागचा टायर फुटला, तेव्हा तो बसवून एकोणीस दिवस झाले होते. हौद्यात बाराशे किलो गूळ, शेजारी पुतण्या. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला, गाडी मागून एका अंगाला बसली आणि स्टेअरिंग हातातून ओढ घ्यायला लागलं. पाय ब्रेकवर जाणारच होता, पण आबांनी गाडी शिकवताना शंभरदा सांगितलेलं आठवलं, "टायर फुटला तर ब्रेक मारू नगंस, स्टेअरिंग धरून ठेव आणि गाडी गिअरवर मरू दे." तसंच केलं. गाडी घासत घासत डोंगराकडच्या चरीला टेकून थांबली. वळणावरून एसटी वर येत होती. ड्रायव्हरनं लांबूनच ओळखलं आणि गाडी उभी केली, म्हणून वाचलो. खाली उतरलो तर पुतण्याला उभं राहता येत नव्हतं. वीस वर्षांचा पोरगा. त्याच्या आईनं माझ्या भरवशावर पाठवलेला.

त्या दिवशी जे झालं ते नशिबानं झालं नाही, एका माणसानं पैशासाठी केलं. पिकअप, छोटा हत्ती, जीप चालवणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं म्हणून सगळं लिहितो आहे.

२०२५ चा डिसेंबर. गुऱ्हाळं पेटलेली, रोज एक खेप कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आणि आठवड्यातून दोनदा रत्नागिरी. चारही टायर गोटा झाले होते, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत. गावातला फिटर महिनाभर सांगत होता, "आता घाटात जाऊ नका." शहरात दोन दुकानांत भाव काढला. माझं माप २१५/७५ आर १५, एलटी, म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर. दोन्हीकडं एका टायरला सात हजारांच्या आतबाहेर, म्हणजे चार टायरांचे अठ्ठावीस हजार. हंगामाच्या तोंडावर एवढी रक्कम एकदम काढणं जड जात होतं. तेवढ्यात यार्डात एकानं हायवेला लागून असलेलं एक दुकान सांगितलं. तिथं चार टायरांचे साडेएकोणीस हजार, शिवाय जुने टायर ठेवून घेऊन प्रत्येकी सातशे वजा. हातचे फक्त सोळा हजार सातशे जाणार.

एवढं स्वस्त का, हे मी विचारलं होतं. मालकानं खांद्यावर हात टाकला. "भावा, बिलाचं नगं बघूस. बिल केलं की अठ्ठावीस टक्के सरकारला. ते मी तुला सोडतोय. आपल्या मानसाला फशिवनार हाय व्हय मी? आबाला वळकतो तुझ्या."

आबांचं नाव काढल्यावर मी पुढं बोललो नाही. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला नक्की माहीत असणार. बिल नको म्हणणाऱ्या दुकानदाराला कर वाचवायचा नसतो, त्याला तो टायर त्याच्या दुकानातून गेला याचा कागद ठेवायचा नसतो. हे आज कळतं.

टायर रांगेत उभे होते. काळेभोर, चकचकीत, नक्षी खोल, वर रंगीत स्टिकर. कधीचा माल आहे म्हणून विचारलं तर त्यानं स्टिकरवरच्या आकड्यावर बोट ठेवलं, "ह्यो बघ की, पंचवीस." मग पोरांना हाक मारली आणि मला म्हणाला, "चल, च्या घिऊ. पोरं करत्यात." पलीकडच्या टपरीवर आम्ही अर्धा तास बसलो. ऊसदर, पाणी, पोरांची लग्नं, सगळं बोलून झालं. परत आलो तेव्हा चारही चाकं बसवून नट आवळलेले. दहा हजार मी ऑनलाइन टाकले, बाकीचे रोख दिले. पैसे गेले ते नाव दुकानाचं नव्हतं, कुणा वेगळ्याच माणसाचं होतं. तिथंही मी थांबलो नाही.

त्या अर्ध्या तासात काय झालं ते मला साखरप्यात कळलं. घाटात स्टेपनी चढवून हळूहळू खाली उतरलो आणि पंक्चरच्या पहिल्या दुकानापाशी थांबलो. म्हातारे गृहस्थ होते. फुटलेला टायर त्यांनी हातात घेतला, फिरवला आणि मला विचारलं, "हा नवा म्हणून कुणी दिला तुम्हाला?"

मग त्यांनी जे दाखवलं ते जसंच्या तसं सांगतो, कारण हे प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं.

टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथं, ठरावीक अंतरावर एक छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं असतात. तिथून सरळ नक्षीच्या खाचेत बघायचं. खाचेच्या तळाला रबराचा एक आडवा उंचवटा असतो. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं आणि टायर उतरवायचा. नव्या टायरला हा उंचवटा प्रत्येक खुणेखाली असतोच. माझ्या टायरच्या खाचा खोल होत्या, पण उंचवटा कुठंच नव्हता. होता तिथं तापलेल्या पात्यानं कापून काढलेला. म्हणजे मुळात गोटा झालेला टायर, त्याच्या उरलेल्या रबरात गरम पात्यानं नवी नक्षी कोरलेली. काकांनी खाचेत खिळा टेकवला. "ह्याच्याखाली रबर उरलंय किती? कागदाएवढं. खाली लगेच तारा. वजन पडलं, घाटात तापलं, की सुटणार."

मोठ्या ट्रकच्या काही टायरांना कंपनीच नक्षी पुन्हा कोरता येईल एवढं जाड रबर देते आणि तसं त्यावर छापते. पिकअपच्या टायरात ती सोय नसते. आणि रिमोल्डचा धंदा याहून निराळा. तिथं कारखान्यात नवं रबर चढवतात, गिऱ्हाइकाला रिमोल्ड म्हणूनच विकतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

टायर आतून बघितला तर दोन ठिगळं. नव्या टायरला ठिगळ कुठून आलं? आणि रिमला बसते त्या कडेवर टॉमीचे, म्हणजे टायर उतरवायच्या पहारीचे, जुने ओरखडे. हा टायर याआधी कितीदा तरी चढवला-उतरवला होता. बाहेरून मात्र पॉलिश एवढं, की बोट फिरवलं तर बोट काळं झालं.

मग तारीख. स्टिकरवर काय लिहिलंय त्याला काही किंमत नाही. तारीख रबरातच उठवलेली असते. 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. पुष्कळ टायरांना हे चार आकडे एकाच बाजूला असतात. दुकानातल्या पोरांनी ती बाजू आत टाकून टायर बसवले होते. गाडीबाहेर उभं राहून जन्मभर बघितलं असतं तरी मला दिसले नसते. फुटलेल्यावर ३११७ होतं. २०१७ सालचा एकतिसावा आठवडा, ऑगस्टची सुरुवात. उरलेल्या तीन टायरांसाठी गाडीखाली झोपून मोबाइलचा उजेड मारला. दोघांचे आकडे घासून सपाट केलेले, तिसऱ्याचे १४१८. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी असली तरी काढा, असं टायर कंपन्या स्वतः सांगतात. रबर वापराविनाही कडक होतं. ताज्या रबरात नख दाबलं तर जरा रुततं, माझ्या टायरवर नख घसरत होतं.

अजून एक गोष्ट निघाली आणि ती सगळ्यात जास्त झोंबली, कारण ती मला आधीपासून ठाऊक असायला हवी होती. मागचे दोन्ही टायर पिकअपचे नव्हतेच. माप तेच, २१५/७५ आर १५, पण ते प्रवासी जीपचे. मापाच्या पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं. माझ्या आधीच्या एलटी टायरवर १०६ होतं, म्हणजे एका टायरला ९५० किलो. या दोघांवर १००, म्हणजे ८०० किलो. एका चाकाला दीडशे किलो कमी, दोघांना मिळून तीनशे. हौद्यातला जवळजवळ सगळा माल मागच्या चाकांवर येतो, वर गाडीचं स्वतःचं वजन. टायर बदलताना माप जुळलं की झालं असं आपण धरतो. माल वाहणाऱ्या गाडीला नुसतं माप पुरत नाही. एलटी आहे का, प्लाय (टायरच्या मजबुतीचे थर) किती, वजनाचा आकडा जुन्याइतका किंवा वरचा आहे का, हे तिन्ही जुळलं पाहिजे. गाडीच्या पुस्तकात आणि बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर ते लिहिलेलं असतं.

साखरप्यातून अर्धा गूळ भाड्याच्या टेम्पोत टाकला, साडेतीन हजार गेले. तीसच्या वर गाडी नेली नाही.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी फुटलेला टायर हौद्यात टाकून त्या दुकानात गेलो. मालकानं टायरकडं बघितलंसुद्धा नाही. "ह्यो आमचा न्हवं. बिल दाव." आबांना ओळखणारा माणूस मला ओळखत नव्हता. आवाज चढला, पोरं जमली. तेवढ्यात माझी नजर रांगेवर गेली.

गेल्या वर्षी गुऱ्हाळावर गाडी मागं घेताना चुलवणाजवळच्या तापलेल्या पत्र्याला माझा एक टायर घासला होता. बाजूवर चंद्रकोरीसारखा डाग पडला होता, बोटभर लांब, रबर जरा वितळून दबलेलं. वर्षभर रोज सकाळी हवा बघताना मी तो डाग बघत होतो. तो टायर तिथं उभा होता. काळाभोर, चकचकीत, नवी नक्षी, वर स्टिकर. सातशे रुपयांना मी दिलेला माझाच गोटा टायर नवा होऊन पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत होता. पॉलिशखाली चंद्रकोर स्पष्ट दिसत होती.

मी फोटो काढायला मोबाइल काढला तर दोघांनी हात धरला. एकच फोटो निघाला, तोही हललेला. पुतण्या सोबत होता म्हणून मी वाद वाढवला नाही, निघून आलो. खिशात पैसे होते. पाच हजार टाकून तो टायर विकत घेऊन बाहेर पडायला हवं होतं. पुरावाही हातात आला असता आणि टायर रस्त्यावरूनही गेला असता. ते मला सुचलं नाही, आणि अजून रात्री आठवतं.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. आधी मला वाटलं होतं, गाडी धंद्याची, आपण ग्राहक कसले? तसं नाही. स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. माझ्याकडं बिल नाही, फक्त दहा हजारांची ऑनलाइन नोंद आणि साखरप्याच्या काकांनी लिहून दिलेला कागद. त्यावर जेवढं होईल तेवढं लढणार आहे.

नवे टायर शहरातल्या पहिल्याच दुकानातून घेतले, बिलासकट सत्तावीस हजार सहाशे. बिलावर टायरांचे नंबर लिहून घेतले. बसवताना मी चाकापाशी उभा होतो आणि तारखेची बाजू बाहेर ठेवायला सांगितली. दुकानदार काही म्हणाला नाही, उलट खुर्ची दिली. उरलेले तीन जुने टायर तिथं ठेवले नाहीत. घरी आणून करवतीनं प्रत्येकाची बाजू आरपार कापली. आता त्यांत कुणाला हवा भरता येणार नाही. तुमचे गोटा टायर बदलीत देताना हे आधी करा, सातशे रुपये जाऊ देत.

पुढच्या आठवड्यात ओळखीच्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून त्या दुकानात पाठवलं, तो टायर उचलून आणायला. रांगेत त्या जागी दुसराच टायर होता. चंद्रकोरीचा विकला गेला होता.

माप २१५/७५ आर १५, एलटी. वजनाचा आकडा १०६. बाजूवर बोटभर लांब, चंद्रकोरीसारखा दबलेला डाग, पॉलिश पुसलं की दिसेल. आतून एक चौकोनी ठिगळ, ते मीच मारून घेतलेलं. डिसेंबरनंतर कोल्हापूर भागात कुणी हायवेकडेला स्वस्तात टायर घेतले असतील, तर आजच बघा. तुमच्या गाडीला तो असेल तर कुठल्याही घाटात जाण्याआधी काढा.